तळटीप : ठासणीचा बार

ठासणीचा बार : बंदुकीच्या नळीच्या तोंडातून दारू, वर चिंधी नि गोळी, मग गजाने ठासणी. अशा बहुतेक बंदुकांच्या नळीला आतून आटे नसत. म्हणून दारू वाढवली तरी नेम सुधारत नसे. धक्का आणि धूर तेवढा वाढे, नळी कमजोर असेल तर फुटेही. काळविटाच्या शिकारीत त्याच्या पन्नास-साठ पावलांत पोचणे हीच खरी कसोटी. मूळ मजकुरात एका बाराला मूठभर दारू घातल्याचे म्हटले आहे, ती त्यामुळे अतिशयोक्तीच वाटते. दारूत सुमारे पाऊण भाग सोरा, बाकी कोळसा नि गंधक. बंदुकीसाठी बारीक, तोफेसाठी भरड. आता मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार काळविटाची शिकार हा गुन्हा आहे. – संपादक