शब्द सर्वांचा, नाव कोणाचे? डोमेन नावांच्या किमतीचा इतिहास

१/
१९९७ साली ‘बिझनेस डॉट कॉम’ हे नाव दीड लाख डॉलरना विकले गेले. दोनच वर्षांनी त्याला ७५ लाख डॉलर मिळाले. त्याच दशकात ‘पॅनाव्हिजन डॉट कॉम’साठी १३ हजार डॉलर मागणाऱ्याच्या हाती मात्र काहीच पडले नाही, न्यायालयात त्याने ते नावही गमावले. दोन्ही नावे नोंदवण्याचा नियम सारखाच होता. मग एक नाव संपत्ती आणि दुसरे संकट का ठरले?

२/
संगणकांचे मूळ पत्ते आकड्यांचे. ते लक्षात ठेवणे अवघड, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची आजची व्यवस्था आखली. १५ मार्च १९८५ रोजी ‘सिम्बॉलिक्स डॉट कॉम’ हे पहिले डॉट कॉम नाव नोंदले गेले. पुढील दहा वर्षे नोंदणी विनामूल्य होती. सप्टेंबर १९९५ मध्ये नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीने दोन वर्षांसाठी १०० डॉलर आकारण्यास सुरुवात केली.

३/
नोंदणीचा नियम साधा होता: प्रथम येईल त्याला प्रथम. नाव मागणाऱ्याचा त्यावर हक्क आहे की नाही, हे कोणी तपासत नसे. १९९४ साली पत्रकार जोशुआ क्विटनर यांनी ‘मॅकडोनाल्ड्स डॉट कॉम’ स्वतःच्या नावावर करून घेतले आणि हा प्रकार ‘वायर्ड’ मासिकात लिहिला. अखेर कंपनीने न्यूयॉर्कमधील एका शाळेच्या संगणकांसाठी ३,५०० डॉलर दिले, तेव्हा नाव तिच्याकडे आले. हा विनोद होता. परंतु त्यातून पुष्कळांना धंद्याची वाट दिसली.

४/
इलिनॉयमधील एका व्यक्तीने अशीच शंभराहून अधिक नावे नोंदवली. ‘पॅनाव्हिजन’ हे चित्रपटांच्या कॅमेऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीचे नाव. त्या संकेतस्थळावर त्याने पाना नावाच्या गावाची छायाचित्रे लावली आणि कंपनीकडे १३ हजार डॉलर मागितले. १९९८ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने निकाल त्याच्या विरोधात दिला. इतरांची व्यापारचिन्हे नोंदवून ती त्यांनाच विकणे हाच त्याचा व्यवसाय आहे, असे न्यायालयाला दिसून आले.

५/
१९९९ मध्ये अमेरिकेने याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. त्याच वर्षी नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने तंटे सोडवण्याचे धोरण लागू केले. त्याखालील पहिला निर्णय जानेवारी २००० मध्ये आला. ‘वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन डॉट कॉम’ हे नाव नोंदवणाऱ्याने ते मूळ कंपनीलाच १,००० डॉलरना देऊ केले होते. प्रत्यक्ष खर्चाहून अधिक किंमत मागणे हाच त्याच्या कुहेतूचा पुरावा मानला गेला. येथे मागितलेला भावच विक्रेत्यावर उलटला.

६/
भारतातही हाच प्रश्न त्याच वर्षी उभा राहिला. ‘रेडिफ’शी एका अक्षराने भिन्न असलेल्या ‘रॅडिफ डॉट कॉम’विषयी १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की डोमेन नाव हा केवळ पत्ता नाही, त्याला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळायला हवे. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या ‘सिफी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तेच तत्त्व मान्य केले.

७/
या प्रश्नाला दुसरी बाजूही होती. ‘बिझनेस’ किंवा ‘व्हॉइस’ हे शब्द कोणा एकाचे नाहीत. सर्वांच्या मालकीचा शब्द त्याच्या सर्वसाधारण अर्थाने नोंदवणे आणि विकणे हा वैध व्यापार ठरला. २००३ मध्ये ‘सेक्स डॉट कॉम’ प्रकरणात अपील न्यायालय आणखी पुढे गेले. गॅरी क्रेमेन यांनी नोंदवलेले ते नाव एका बनावट पत्राच्या आधारे दुसऱ्याच्या नावे चढवले गेले होते. डोमेन नाव ही मालमत्ताच आहे आणि ती हिरावली गेल्यास दाद मागता येते, असे न्यायालयाने ठरवले. सातबाऱ्यावरील खाडाखोडीवरून होणारे तंटे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हा पेच परका वाटू नये.

८/
म्हणून मूल्यमापनाची पहिली पायरी भाव काढणे ही नव्हे, व्यापारचिन्ह तपासणे ही होय. त्यानंतरचे निकष नावाचेच. ते लहान आहे का? एकदा ऐकून लिहिता येते का? त्या शब्दाभोवती मोठा व्यापार आहे का? शेपूट डॉट कॉमचे की अन्य? लोक तो पत्ता स्वतःहून टंकून तेथे येतात का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तशाच नावांना प्रत्यक्षात काय मिळाले? मागितलेला भाव हा भाव नव्हे. ती बाजारातली तुरी.

९/
प्रत्यक्ष विक्रीचे आकडेही जपून वाचावे लागतात. २००७ साली ‘बिझनेस डॉट कॉम’ सुमारे ३४.५ कोटी डॉलरना विकले गेले, असे अनेक याद्या सांगतात. पण त्या रकमेत चालता व्यवसाय समाविष्ट होता. खरेदीदार आर. एच. डॉनेली कंपनीने २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. याउलट २०१९ मध्ये मायक्रोस्ट्रॅटेजीने ‘व्हॉइस डॉट कॉम’ तीन कोटी डॉलरना विकले, ते केवळ नाव. हे दोन आकडे एका तराजूत घालता येत नाहीत. शिवाय कित्येक सौदे गोपनीय राहतात आणि न विकली गेलेली नावे कोणत्याच यादीत नसतात.

१०/
ती न विकलेली नावेही दरवर्षी नूतनीकरणाचे शुल्क मागतात. समजा, एखाद्याकडे १०० नावे आहेत आणि प्रत्येकाला वर्षाला १,००० रुपये लागतात. वर्षात एक नाव ६०,००० रुपयांना विकले, तर त्या एका सौद्यात मोठा नफा दिसेल; वर्षाच्या हिशेबात ४०,००० रुपयांचा तोटा असेल. शिवाय ज्या गिऱ्हाइकाला तेच नाव हवे आहे, तो जी किंमत देईल ती दुसरा व्यापारी देणार नाही. संगणक अक्षरे मोजून अंदाज सांगतो. असे गिऱ्हाईक आहे की नाही, हे त्याला कळत नाही.

११/
नव्वदच्या दशकात नोंदणीच्या दप्तरात दोन्ही नावे सारखीच दिसत होती. त्यांतील फरक दप्तराने नव्हे, न्यायालयांनी आणि बाजाराने दाखवून दिला. सर्वांचा शब्द ज्याने आधी ओळखला, त्याला त्या दूरदृष्टीचे मोल मिळाले. दुसऱ्याने कमावलेले नाव ज्याने आधी पकडले, त्याच्या हाती मोल आलेच नाही. कोणत्याही डोमेन नावाची किंमत सांगण्यापूर्वी म्हणूनच एवढे विचारावे: हा शब्द आहे, की कोणाचे तरी नाव?