‘म्यां केलें’ अशुद्ध कधी झालं?

‘पुस्तक भेटलं का?’ असं कुणी विचारलं की पुण्यातल्या पुष्कळ घरांत अजूनही कपाळाला आठी पडते. माणूस भेटतो, पुस्तक मिळतं, असं लगेच सुनावलं जातं. ‘मी त्याला बोललो’ ऐकलं की तेच, आणि ‘मी बोलली’ ऐकलं तर विचारूच नका. ‘पानी’ म्हणणाऱ्या पोराला वर्ग हसतो. ‘म्या केलं’ म्हणणारी आजी नातवाच्या शिक्षकांपुढे तोंड उघडायला कचरते. ही चीड खोटी नसते, तिच्यामागे भाषेचं प्रेमही असतं. पण ज्या मापाने आपण समोरच्याचं बोलणं मोजतो ते माप कुठून आलं, हे फारसं कुणी विचारत नाही. ते फार जुनं नाही. त्याची सालं सांगता येतात आणि ते घडवणाऱ्यांची नावंही.

आधी पुण्याच्या बोलीकडे पाहू. बाळाजी विश्वनाथ भट मूळचे श्रीवर्धनचे. १७१३ साली ते पेशवे झाले. पुढे पहिल्या बाजीरावाने पुण्यात शनिवारवाडा बांधला आणि कोकणातली अनेक चित्पावन घराणी घाट चढून इथे स्थायिक झाली. त्यांची घरची बोली चित्पावनी. ती रत्नागिरीकडे आणि गोव्याकडे काही घरांत अजून ऐकू येते आणि घाटावरच्या मराठी माणसाला ती चटकन कळत नाही. ही मंडळी हळूहळू देशावरची भाषा बोलू लागली, पण उच्चारांची, विशेषतः नाकातल्या स्वरांची, कोकणी लकब सोबत घेऊन. जुन्या पिढीतल्या बायकांचं ‘येत्ये हं’, ‘करत्ये’ अनेकांना आठवत असेल. तेव्हा ज्याला आपण अस्सल पुणेरी म्हणतो, ते बोलणंही स्थलांतरातून आणि सरमिसळीतून घडलेलं आहे.

पेशवाई १८१८ साली बुडाली आणि तीन वर्षांत, १८२१ मध्ये, विश्रामबागवाड्यात सरकारी संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पेशवे ब्राह्मणांना देत त्या दक्षिणेचा पैसा, शास्त्रीमंडळी आणि इंग्रज अधिकारी एका छताखाली आले. मुंबईत शाळाखात्यासाठी पुस्तकं हवी होती. पुस्तक छापायचं तर शब्द एकाच तऱ्हेने लिहायला हवा, आणि शब्द कुणाचा घ्यायचा हा प्रश्न तिथेच उभा राहिला. त्याचं उत्तर शास्त्र्यांना विचारून ठरलं. शेतकऱ्याला, साळ्याला, कुंभाराला विचारायला कुणी गेलं नाही.

जेम्स मोल्सवर्थ याला मात्र वेगळं श्रेय द्यायला हवं. थॉमस आणि जॉर्ज या कँडी बंधूंच्या मदतीने त्याने केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला, वाढवलेली आवृत्ती १८५७ साली. त्यात कोकणातले शब्द आहेत, देशावरचे आहेत, शेतीभातीचे आणि कारागिरीचे आहेत. सभ्य लोक टाळतात ते शब्दही आहेत. तो शब्द नोंदवतो आणि कुठला ते सांगतो. १९७५ साली पुण्यातच या कोशाचं पुनर्मुद्रण झालं. आजही एखादा गावाकडचा शब्द अडला की अभ्यासक आधी मोल्सवर्थ उघडतात.

व्याकरण मात्र दुसऱ्या वाटेने आलं. दादोबा पांडुरंग तर्खडकर मुंबईचे. त्यांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झालं तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. त्यांच्यासमोर नमुना होता लिंडले मरेच्या इंग्रजी व्याकरणाचा. मरे जन्माने अमेरिकन, राहायला इंग्लंडमधल्या यॉर्कजवळ. १७९५ साली आलेल्या त्याच्या पुस्तकावर इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या पिढ्याच्या पिढ्या पोसल्या. व्याकरण म्हणजे योग्य बोलण्याची आणि लिहिण्याची कला, अशी त्याची मांडणी होती. उत्तर इंग्लंडमधल्या खेडुताचं बोलणं त्या योग्यतेत बसत नव्हतं. लंडनच्या शिकलेल्या वर्गाचं बसत होतं. इंग्रजीतला हा भेदभाव व्याकरणाच्या साच्याबरोबर आपल्याकडे आला. दादोबांचं काम मोठंच आहे. मराठीला तिचं तिचं व्याकरण आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. पण ‘शुद्ध बोलणे’ हा शब्दप्रयोग शाळेत रुजला तो या पिढीपासून.

आता ‘म्या केलं’ घेऊ, कारण सगळी गोष्ट या एका रूपात दिसते. भूतकाळी सकर्मक क्रियापद आलं की मराठीत करणाऱ्याला तृतीयेचा प्रत्यय लागतो. रामाने आंबा खाल्ला, त्याने खाल्ला, तिने खाल्ला. मग ‘मी आंबा खाल्ला’ यात प्रत्यय कुठे गेला? जुन्या मराठीत तो होता. ‘म्यां’ आणि ‘त्वां’ ही तृतीयेचीच रूपं, संतांच्या रचनांत ठायी ठायी सापडतात. एकोणिसाव्या शतकातल्या व्याकरणांत ती रूपावलीत दिलेली आहेत आणि त्या काळच्या छापील पुस्तकांत ‘म्यां केलें’ हेच शिष्ट लेखन होतं. पुढे शहरातल्या शिकलेल्या बोलीत ते गळालं, ‘मी’ने दोन्ही जागा घेतल्या आणि पुस्तकं शहराच्या मागे गेली. गावाने जुनं रूप सांभाळलं. ज्या आजीला आपण चूक सांगतो, ती ज्ञानेश्वरांपासून चालत आलेली रूपावली अचूक चालवत असते. व्याकरणाच्या हिशेबाने पाहिलं तर तिचं वाक्य आपल्यापेक्षा अधिक नेटकं आहे.

विदर्भातल्या ‘तो जेवून राहिला’चंही असंच. पुण्यात ते ऐकून हसतात, कारण आपल्याला त्यातून ‘जेवला आणि थांबला’ असं ऐकू येतं. नागपूर-अमरावतीकडे त्याचा अर्थ पक्का आहे. जेवण आत्ता चालू आहे. जेवण झाल्यावर तिथला माणूस चुकूनही असं म्हणणार नाही. ज्या बोलींत ‘ण’चा ‘न’ होतो तिथे तो सगळीकडे होतो. पानी, लोनी, कोन, आनि. एकीकडे ‘ण’ आणि दुसरीकडे ‘न’ असा गोंधळ नसतो. याला निष्काळजीपणा कसा म्हणायचा?

पुण्यातली सगळ्यात बोचरी घटना विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि जोतीराव फुले यांची. १८७४ ते १८८१ या काळात निघालेल्या ‘निबंधमाले’त चिपळूणकरांनी फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेतला आणि त्यात फुल्यांच्या व्याकरणाची टर उडवली. चिपळूणकरांच्या गद्याने मराठीला तेज दिलं, हे मान्यच करायला हवं. पण इथे त्यांनी अन्याय केला असं माझं स्पष्ट मत आहे. ‘गुलामगिरी’ (१८७३) मधल्या युक्तिवादाला युक्तिवादाने उत्तर देता आलं असतं. आणि एक गोष्ट आपण विसरतो. फुले पुण्याचेच होते. त्यांची भाषा पुण्यातल्या माळ्याची, बागायतदाराची, कंत्राटदाराची होती. म्हणजे ‘पुण्याची मराठी प्रमाण’ असं जेव्हा म्हटलं जातं, तेव्हा त्यातून अर्धंअधिक पुणं आधीच वगळलेलं असतं.

यानंतरचा प्रवास ओळखीचा आहे. ब्रिटिश अधिकारी ग्रियर्सनने केलेल्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली आला. उधळ्या मुलाची बायबलमधली गोष्ट त्यात बोलीबोलींत लिहवून घेतलेली आहे. पुण्याकडचा नमुना प्रमाण आणि बाकीच्या त्याच्या बोली, अशी रचना तिथे कायम झाली. मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चं. १९६१ मध्ये पुणे, मुंबई, नागपूर आणि मराठवाडा इथल्या चार साहित्यसंस्थांचं महामंडळ स्थापन झालं. त्याने केलेले लेखनाचे चौदा नियम १९६२ साली सरकारने स्वीकारले आणि १९७२ साली आणखी चार. त्यात एक नियम फार बोलका आहे. केशवसुतांपूर्वीचं पद्य आणि चिपळूणकरांपूर्वीचं गद्य छापताना ते मुळाप्रमाणेच छापावं, असं तो सांगतो. त्या रेषेच्या अलीकडचं सगळं नियमाखाली आलं. पण नियम लेखनाचे होते, कुणी कसं बोलावं हे त्यात सांगितलेलं नाही. ते आपण आपल्या मनाने जोडलं.

साहित्याने शुद्ध-अशुद्धाची ही भिंत बरीच आधी ओलांडली. कागलहून पुण्यात आलेल्या आनंद यादवांनी ‘गोतावळा’ (१९७१) ही अख्खी कादंबरी शेतावरच्या गड्याच्या बोलीत सांगितली, निवेदनासह. हेच यादव पुढे पुणे विद्यापीठात मराठीचे विभागप्रमुख होते. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात अ. मा. घाटगे यांनी साठच्या दशकात कुडाळी, महाडची कुणबी अशा बोलींची वर्णनं पुस्तकरूपाने आणली. अलीकडे तिथेच सोनल कुलकर्णी-जोशी यांच्या नेतृत्वाखाली राज्यभर फिरून बोलींचं नवं सर्वेक्षण झालं आणि त्यातली ध्वनिमुद्रणं सर्वांना ऐकायला खुली आहेत. माप जिथे तयार झालं, त्याच गावात ते तपासण्याचं कामही झालं आहे.

मग काहीच चूक नसतं का? असतं. चौकातल्या सरकारी फलकावर ‘सुचना’ लिहिलं असेल तर ती चूक आहे, कारण फलक लिहिणाऱ्याने लेखनाचा करार पत्करलेला आहे. कायदा, पाठ्यपुस्तक, औषधाची चिठ्ठी यांना एक ठरलेली भाषा हवीच. ती नसेल तर गडचिरोलीचा अर्ज कोल्हापुरात कळणार नाही. ‘माझी मदत करा’ हे मलाही खटकतं. ते कुठल्या गावचं नाही, हिंदीचा शब्दशः उतारा आहे, आणि त्याला विरोध करायला माझी ना नाही. चीड यावी ती अशा ठिकाणी. बोलणाऱ्याच्या गावात शंभर माणसं जसं बोलतात तसंच तो बोलत असेल, तर चुकलंय ते आपल्या ऐकण्यात.

पुण्यातल्या शिक्षकांना एक विनंती आहे. आज तुमच्या वर्गात सोलापूरची, बीडची, बुलढाण्याची, जव्हारची मुलं बसतात. वहीत ‘म्या’ किंवा ‘पानी’ दिसलं तर त्यावर लाल फुली मारू नका. शेजारी ‘मी’ आणि ‘पाणी’ लिहा, परीक्षेत हे लिहायचं असं सांगा, आणि तुमच्याकडे आणखी काय काय म्हणतात ते त्या मुलाला वर्गासमोर सांगू द्या.