वेल्लोरची सकाळ, धुळ्याची दुपार

पाय जरा आवरून बसा, शेजारी बर्फाचा डबा आहे. 1986 सालचा फेब्रुवारी. मद्रासहून निघालेली रात्रीची गाडी धडधडत काटपाडीकडे चालली आहे. डब्यात डिझेलचा धूर, तापल्या लोखंडाचा वास आणि कुणाच्या तरी वेणीतला कोमेजलेला मोगरा. तुमच्या समोर सेल्लप्पन निर्मला आणि त्यांचे यजमान. दोघांची नजर सारखी त्या डब्याकडे. आत मद्रासच्या देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या रक्ताचे नमुने आहेत. निर्मलांनी ते एकेक करून जमवले आणि घरच्या फ्रिजमध्ये जपून ठेवले. कल्पना त्यांच्या मार्गदर्शक डॉ. सुनीती सॉलोमन यांची. या माहेरच्या गायतोंडे, मद्रासला चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरातली लेक. एड्स हा परक्या मुलखातला रोग, आपल्याकडे कुठून येणार, असं सगळे म्हणत असताना या बाईंनी तपासून बघायचं ठरवलं. मला हे धाडस फार मोठं वाटतं. मद्रासला तपासणीची सोय नाही, म्हणून हा प्रवास.

उतरा. रिक्षा करा, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज गाठा. साडेआठला नमुने यंत्रात जातात. दुपारी बारा वाजता वीज जाते! पंखे थांबतात, मानेवरून घामाची धार लागते. चला, चहा घेऊ. परत येता तर एक डॉक्टर झाकण उघडतात आणि पटकन बंद करतात. निर्मलाही डोकावतात. सहा नमुने पिवळे झाले आहेत, म्हणजे त्या रक्तात एड्सच्या विषाणूची, एचआयव्हीची, खूण सापडली आहे.

आता डोळे मिटा. उघडा थेट धुळ्यात, त्याच दुपारी.

आग्रा रोडच्या मागच्या गल्लीतला दवाखाना. थंडी सरली आहे, पत्रा तापायला लागला आहे, आणि आत मुंगी शिरायला जागा नाही. कडेवरची पोरं किंचाळताहेत. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते याच गावात एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रकचा क्लीनर शेतमजुराच्या खांद्याला खांदा लावून उभा. कोपऱ्यात स्टोव्ह भरभरतोय, त्यावर स्टीलच्या डब्याचं झाकण खडखडतंय. रॉकेल, स्पिरिट आणि माणसांच्या घामाचा एकच दर्प.

कंपाउंडर चिमट्याने काचेची सिरिंज काढतो. जरा जवळ जाऊन बघा. सुईच्या पोटातून तो बारीक तार सरकवतो, बोथट टोक दगडावर दोनदा घासतो, लाल औषध ओढतो. एक दंड झाला. सुई गरम पाण्यात बुडवली न बुडवली, की पुढचा दंड. पाण्याला नीट वीस मिनिटं उकळी फुटायला हवी, पण बाहेर ओट्यावरही रांग लागली आहे.

बाकावर एक गडी बसलाय, डोळे हळदीसारखे पिवळे. पाणी बाधलं, असं शेजारचा सांगतो आणि झाडपाल्याच्या औषधाचा पत्ता देतो. काही काविळी पाण्यातून येतातही. पण कावीळ करणारा हिपॅटायटिस बीचा विषाणू रक्तातून येतो आणि वाळलेल्या रक्तातही आठवडाभर टिकतो. बाधित रक्ताची सुई लागली, तर लस न घेतलेल्या शंभरातल्या तीस जणांपर्यंत तो पोचू शकतो. एचआयव्हीचं तेच प्रमाण हजारात साधारण तीन. हिपॅटायटिस सीचा विषाणू तर अजून कुणाला सापडलेलाच नाही, तो 1989 साली ओळखला जाईल. आज वेल्लोरला जो विषाणू दिसला, त्याचा आणि या दोघांचा रक्तातला रस्ता एकच, आणि तो रस्ता चिमट्यात धरलेला तुमच्यासमोर आहे. या खोलीत हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे.

"बाही वर करा."

तुमचा नंबर आला. तुम्ही गोळ्या मागता. मागची आजी तुमच्या खांद्यावर थाप मारते. "अरे भाऊ, सुई नही टोची तं गुन कसा येई?"

तिला काय सांगणार? मद्रास, वेल्लोर, सहा पिवळे नमुने, यातलं काहीच तिच्या कामाचं नाही. सिरिंज परत डब्यात ठेवायला लावा. झाकण घाला, भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं मोजा. कंपाउंडर वैतागेल, रांग कुरकुरेल, क्लीनर ट्रक उभा असल्याचं ओरडून सांगेल. कुरकुरू द्या. तुम्ही स्टोव्हला पंप मारा.