नवोपक्रम आणि स्पर्धानीती : पालघर–बोईसर–तारापूर पट्टा

बाजारात टिकण्यासाठी उद्योगसंस्था आपल्या मालात, तो बनवण्याच्या रीतीत, कच्च्या मालाच्या पुरवठ्यात, बाजारपेठेत किंवा कारभाराच्या घडीत जो बदल करते तो नवोपक्रम. यांपैकी कोणता बदल कधी करायचा आणि कोणत्याच्या वाटेला जायचे नाही, याचा आडाखा म्हणजे स्पर्धानीती. बदलाचे हे पाच प्रकार जोसेफ शुंपीटर या ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञाने १९११ मध्ये मांडले. पालघर जिल्ह्यातील कोळगाव ते तारापूर या पट्ट्यात त्यांपैकी पुरवठ्याचा प्रकार सर्वांत ठळक दिसतो. जगाला ठाऊक नसलेला माल येथे क्वचितच जन्मला. जो माल आहे त्याच्या मुळाशी जाऊन कच्चा माल आपल्या ताब्यात आणणे, ही येथील मोठ्या कारखान्यांची खरी नीती राहिली आहे.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर वसाहत नावाने तारापूरची असली तरी ती बोईसर स्थानकाजवळ वसलेली आहे. मुंबईतील कारखाने बाहेर हलावेत म्हणून राज्याने १९६४ पासून सवलती दिल्या. पश्चिम रेल्वे, चिल्हार फाट्यावरून मुंबई–अहमदाबाद महामार्ग आणि सूर्या नदीचे पाणी या सोयीही होत्या. रसायने, औषधांचे मूळ घटक, कापड आणि पोलाद हे येथील मुख्य व्यवसाय. सवलतींमुळे कारखाने आले, पण सवलत साऱ्यांनाच मिळते; त्यामुळे तेवढ्यावर स्पर्धा जिंकता येत नाही.

पोलादातील उदाहरण देशभर गाजले. जिंदाल समूहाने १९८२ मध्ये तारापूरची पिरामल स्टील ही लहान पोलाद गिरणी विकत घेतली आणि तिचे नाव जिंदाल आयर्न अँड स्टील कंपनी असे ठेवले. तारापूर आणि वासिंद येथे कंपनी पत्रे लाटणे, त्यांवर जस्ताचा मुलामा देणे या कामांत उतरली. साध्या लोखंडापेक्षा मुलाम्याच्या पत्र्याला भाव चांगला. मात्र त्यासाठी लागणारी पोलादाची गुंडाळी दुसऱ्याकडून घ्यावी लागे आणि तिचा दर पुरवणाराच ठरवी. यावरचा तोडगा म्हणून समूहाने १९९४ मध्ये कर्नाटकात विजयनगर येथे खनिजापासून पोलाद बनवणारी कंपनी स्थापली. २००५ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. आजची जेएसडब्ल्यू स्टील ती हीच. तारापूरचा कारखाना मुलाम्याच्या मालापुरता राहिला आणि समूहाचा पसारा मात्र खाणीच्या दिशेने वाढला.

रसायनांतील कथा अधिक गुंतागुंतीची आहे आणि माझ्या मते अधिक बोधक. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईची पूड व वड्या विकायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे कॅमलिन ही कंपनी उभी राहिली. शाई, खडू, रंगपेट्या यांचा हा घरगुती चेहरा साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. १९८४ मध्ये कॅमलिनने सूक्ष्म रसायनांचा विभाग काढला, त्याचे उत्पादन तारापूरला होऊ लागले. २००६ मध्ये तो विभाग वेगळी कंपनी झाला (आताचे नाव कॅमलिन फाइन सायन्सेस), तर लेखनसाहित्याच्या कंपनीतील बहुसंख्य हिस्सा २०११ मध्ये जपानच्या कोकुयोने घेतला. एकाच घरातून दोन वाटा फुटल्या. एकीने परदेशी भागीदाराच्या हाती मालकी दिली, दुसरीने परदेशातला कारखाना विकत घेतला.

हा कारखाना इटलीतील रावेन्नाचा. कॅमलिन फाइन खाद्यतेल खवट होऊ न देणारी टीबीएचक्यू आणि बीएचए ही द्रव्ये बनवते. त्यांचा पाया हायड्रोक्विनोन. जगात तो बनवणारे मोजकेच, आणि त्यांनी हात आखडता घेतला की तारापूरचे भांडे थंड. कंपनीने २०११ मध्ये बोरेगार्ड इटालिया घेऊन हा पाया ताब्यात आणला. फिनॉलपासून हायड्रोक्विनोन काढताना कॅटेकॉल हे जोडउत्पादनही निघते. ते पडून राहिले तर पहिल्याचा खर्च वाढतो, म्हणून त्याचे ग्वायकॉल आणि पुढे व्हॅनिलिन, म्हणजे आइस्क्रीम-बिस्किटांतला व्हॅनिलाचा वास, करण्याकडे कंपनी वळली. पुढे गुजरातेत दहेजलाही हायड्रोक्विनोन व कॅटेकॉलचा कारखाना उभा राहिला. मालाच्या मुळाशी जाण्यात धोकाही असतो. २०२२ नंतर युरोपात ऊर्जेचे भाव चढले तसे रावेन्नाचे गणित अवघड झाले, आणि परक्यावरचे अवलंबित्व टाळण्यासाठी घेतलेली मालमत्ताच ओझे ठरू शकते हे दिसले.

याच पट्ट्यातील तारापूर अणुऊर्जा केंद्राला पुरवठ्याचा फटका फार आधी बसला. खुल्या बाजारातली स्पर्धा त्याच्या वाट्याला नाही, तरी त्याचा धडा कारखान्यांच्याही कामाचा आहे. अमेरिकी बनावटीच्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या; त्यांना समृद्ध युरेनियम अमेरिकेने द्यायचे होते. १९७४ ची पोखरण चाचणी आणि १९७८ चा अमेरिकी अण्वस्त्रप्रसारबंदी कायदा यांनंतर तो पुरवठा अडला, तेव्हा फ्रान्सकडून इंधन घ्यावे लागले. मिश्र ऑक्साइड इंधन बनवण्याचे तंत्रही भारतीय शास्त्रज्ञांनी येथेच आत्मसात केले. २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या व चौथ्या भट्ट्या प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या, भारतीय बनावटीच्या आणि नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या. समृद्धीकरणाची अटच गळून पडली.

रीतीतील बदलाला मात्र येथे बव्हंशी बाहेरचा रेटा लागला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात ९३.६९ गुणांसह तारापूर देशातील औद्योगिक क्षेत्रांत सर्वांत वर होते. सांडपाणी खाडी-समुद्रात जाऊन मासळी जाते, ही किनाऱ्यावरच्या गावांची जुनी तक्रार; मांगेला समाजाच्या संघटनेने ती राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात नेली आणि कारखान्यांवर मोठी भरपाई बसली. सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राची क्षमता वाढवणे, द्रावके पुन्हा वापरणे, पाणी मुळात कमी लागेल अशी कृती शोधणे हे उपाय त्या दबावाखाली वेगाने पुढे आले. मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात हा खर्च मावतो. दोन-तीन भट्ट्यांच्या छोट्या युनिटला तो पेलत नाही, आणि प्रदूषणाचे नियम येथे नकळत मोठ्यांच्याच बाजूने स्पर्धा झुकवतात. नियम शिथिल करणे हा त्यावरचा मार्ग नव्हे; सामायिक सोयी आधी उभ्या करायला हव्या होत्या.

वसाहतीबाहेर, चिंचणी-वरोर परिसरात घरोघरी चालणारा डायमेकिंगचा धंदा अगदी वेगळ्या जातीचा. सोन्याचांदीच्या दागिन्यांसाठी पोलादावर हाताने नक्षी कोरलेले साचे येथून सराफ बाजारात जातात. येथे भांडवल म्हणजे हात आणि नजर. संगणकावर चालणारी कोरणी यंत्रे आल्यापासून साध्या नक्षीचे काम त्यांनी ओढले. बारीक कोरीवकामाला कारागीर लागतोच, पण पुढची पिढी कंपनीतली नोकरी बरी म्हणते.

कारभाराच्या घडीतील प्रयोग पाहायचा तर कोळगावात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. कोळगावात त्याच्या मुख्यालयाची इमारत बांधण्याचे काम राज्याने सिडको या आपल्या नगरनियोजन महामंडळावर सोपवले आणि मोबदल्यात पैशांऐवजी परिसरातील दुग्धविकास विभागाची जमीन नवनगरासाठी दिली. २०२१ मध्ये संकुल खुले झाले. सिडकोचा खर्च भूखंड विकून वसूल व्हायचा, म्हणजे पालघरात जागेला मागणी किती टिकते यावर हा हिशेब उभा आहे. त्या मागणीची पुढची आशा वाढवण बंदरावर आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला ज्याची पायाभरणी झाली तो हा प्रकल्प ७६,२२० कोटी रुपयांचा. बंदर झाल्यास तारापूरच्या आयात-निर्यातीला न्हावाशेव्यापर्यंतचा फेरा वाचेल. किनाऱ्यावरील मच्छीमारांचा मात्र त्याला विरोध आहे.