चाळकेवाडीच्या पवनचक्क्या : थोडा इतिहास

साताऱ्याच्या बोगद्यातून बाहेर पडून सज्जनगड उजवीकडे ठेवत ठोसेघरला गेले, की त्याच्या पुढे चाळकेवाडीचे पठार लागते. अशा कातळाच्या पठाराला आपल्याकडे सडा म्हणतात. पावसाळ्यात धबधबा बघायला गेलेली मंडळी हल्ली ह्या सड्यावर पवनचक्क्यांपुढे उभे राहून फोटो काढल्याशिवाय परतत नाहीत. नात्यातल्या कोणी असा फोटो पाठवला की खाली हमखास एक प्रश्न असतो, "काका, ह्यांच्यामुळे पाऊस पळतो म्हणतात, खरं का हो?" प्रत्येकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकतो. उभी हयात इतिहास-भूगोल शिकवण्यात गेली, त्यामुळे उत्तर जरा लांबून सुरू होईल. चालवून घ्यावे.

पहिली गंमत नावातच आहे. ह्या चक्क्या काही दळत नाहीत. युरोपात वाऱ्यावर धान्य दळत, त्यावरून आलेला शब्द विजेच्या यंत्रालाही चिकटला आणि आता तोच रूढ झाला आहे.

दुसरी गोष्ट अशी की पवनचक्की उभी राहण्याआधी वारा मोजावा लागतो, आणि आपल्या देशात हे मोजण्याचे काम ज्यांनी केले त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नसते. अॅना मणी. १९१८ साली त्रावणकोरातल्या पीरमेडला जन्मलेल्या ह्या बाई बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत होत्या. १९४८ साली त्या पुण्याच्या वेधशाळेत आल्या आणि हवामानाची उपकरणे परदेशातून आणण्याऐवजी इथेच बनवावीत म्हणून झटल्या. १९७६ साली हवामान खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या आणि मग (मला ह्याचे विशेष वाटते) वाऱ्याच्या मागे लागल्या. डी. ए. मुळे यांच्यासह त्यांनी भारतातल्या वाऱ्याच्या नोंदींचा ग्रंथ १९८३ साली प्रसिद्ध केला. पुढे ठिकठिकाणी मनोरे उभारून वारा मोजण्याचे जे सर्वेक्षण झाले, तेही त्यांच्याच देखरेखीखाली. निवृत्तीनंतर काय करायचे असे विचारणाऱ्या माझ्या मित्रांना मी हे उदाहरण देतो. ते हसतात.

एवढे मोजायचे कशाला? डोंगरावर वारा असतो हे गुराख्यालाही कळते. कळते खरे, पण किती, हे कळत नाही, आणि सगळा खेळ त्या 'किती'चा आहे. वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पाचाचा घन एकशे पंचवीस, सहाचा दोनशे सोळा. म्हणजे एका टेकडीवर वारा सेकंदाला सरासरी पाच मीटरने वाहतो आणि शेजारच्या टेकडीवर सहाने, तर अंगाला फरक जाणवणारही नाही, पण वाऱ्यातली ताकद पाऊणपटीच्या आसपास जास्त! म्हणून आधी एक बारीक मनोरा उभा करायचा, त्यावर वेग मोजणाऱ्या वाट्या आणि दिशा दाखवणारा बाण बसवायचा आणि निदान वर्षभर, म्हणजे सगळे ऋतू येऊन जाईपर्यंत, नोंदी घ्यायच्या. वारा कुठल्या दिशेने किती वेळ येतो ते मांडायचे. मग चक्क्यांच्या जागा ठरवायच्या. एकीच्या मागे दुसरी फार जवळ उभी केली तर मागचीला गढूळलेला, थकलेला वारा मिळतो. म्हणून वाऱ्याच्या दिशेत पात्यांच्या घेराच्या सातपट आणि आडवे पाचपट अंतर ठेवायचा संकेत आहे. फोटोत त्या विस्कळीत उभ्या दिसतात, त्यामागे हा हिशेब असतो.

आपल्या राज्यातला पहिला प्रयोग देशावर झाला नाही, कोकणात झाला. १९८५-८६ च्या सुमारास केंद्र सरकारच्या मदतीने समुद्रकाठी प्रात्यक्षिक म्हणून ज्या पवनचक्क्या उभारल्या, त्यांत गुजरातेतले ओखा, तमिळनाडूतले तुतिकोरिन आणि आपले हापूसवाले देवगड होते. यंत्रे ५५ किलोवॅटची, आजच्या मानाने खेळणीच. पण वीज खरोखर तयार होते आणि तारांत जाते हे लोकांना डोळ्यांनी दिसले.

तरी प्रात्यक्षिक पाहून कोणी पैसे गुंतवत नाही. पैसे आले ते करसवलतीमुळे. पवनचक्कीवर केलेला खर्च पहिल्याच वर्षी घसारा म्हणून उत्पन्नातून वजा करण्याची मुभा केंद्राने दिली होती. त्यात १९९८ साली महाराष्ट्र सरकारचे धोरण आले आणि विक्रीकरातही सूट मिळाली. नफ्यात असलेल्या कारखानदाराला कर भरण्यापेक्षा सड्यावर एक चक्की विकत घेणे फायद्याचे झाले. ती फिरली किती, हा प्रश्न त्याच्या लेखी दुय्यम होता. ह्या व्यवस्थेवर पुढे बरीच टीका झाली. २००९ च्या अखेरीस केंद्राने तयार झालेल्या युनिटमागे पन्नास पैसे देण्याची योजना आणली ती त्याचमुळे. चक्की उभारल्याचे नव्हे, फिरवल्याचे पैसे. शाळेच्या भाषेत सांगायचे तर हजेरीऐवजी निकालावर गुण.

ह्याच काळात सुझलॉन कंपनी पुढे आली. तुलसी तांती हे मूळचे राजकोटचे, सुरतेत कापडाचा धंदा करणारे. विजेचा खर्च परवडेना म्हणून त्यांनी आपल्या धंद्यासाठी दोन पवनचक्क्या घेतल्या आणि पुढे कापड सोडून चक्क्याच विकू लागले. १९९५ साली कंपनी स्थापन झाली, मुख्यालय पुण्यात. (तांती २०२२ साली गेले.) त्यांची युक्ती अशी की वारा मोजणे, जमीन मिळवणे, रस्ता, यंत्र, तारा आणि पुढची देखभाल हे सगळे कंपनीने करायचे, गिऱ्हाइकाने फक्त पैसे द्यायचे. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकराशे मीटरवर, पाटण तालुक्यात वनकुसवड्याचे पठार आहे. तिथे ह्या पद्धतीने शेकडो यंत्रे उभी राहिली, त्यांत ३५० किलोवॅटची बरीच. एके काळी आशियातल्या सर्वांत मोठ्या पवनक्षेत्रांत त्याची गणना होत असे.

आता जमिनीविषयी. इथे मला थोडे थांबायचे आहे.

सड्यावरची जमीन म्हणजे वर वीतभर माती आणि खाली कातळ. चार खाचरांत नाचणी-वरी काढायची, बाकीच्यावर गुरे चारायची. असल्या जमिनीला शहरातला माणूस विचारतो आहे ह्याचेच लोकांना नवल. दलाल आले, सातबारे गोळा झाले, सामाईक खात्यांतल्या एकदोघांच्या सह्या झाल्या आणि मुंबईला गिरणीत असलेल्या भावाला कळेपर्यंत फेरफारही झाला, अशा हकिगती त्या भागात माझ्या कानावर किती आल्या त्याची गणती नाही. जमीन विकणाऱ्याला कातळाचा भाव मिळाला. विकत घेणारा मात्र कातळ घेत नव्हता, वारा घेत होता, आणि तो किती आहे ह्याची वहीभर आकडेवारी त्याच्याकडे तयार होती. सातबाऱ्यावर पिकाचा रकाना असतो, झाडांची, विहिरीची नोंद होते. वाऱ्याची नोंद करायला रकानाच नाही. दोघांपैकी एकालाच मालाची किंमत ठाऊक असलेला हा सौदा होता, आणि मला तो कधीच रास्त वाटला नाही. पुढे डॉ. भारत पाटणकर यांच्या श्रमिक मुक्ती दलाने पवनचक्कीग्रस्तांचे प्रश्न हाती घेतले, तेव्हा हा 'ग्रस्त' शब्द काहींना खटकला. कोयना धरणात खालची गावे बुडाली तेव्हापासून विजेसाठी जागा देण्याची ह्या डोंगराची ही दुसरी खेप आहे, हे लक्षात घेतले तर खटकू नये.

उभारणी मी वर्णन करीत बसत नाही. घाटाची वळणे रुंद करायची, लांबलचक पाती ट्रेलरवर लादून गोगलगायीच्या चालीने वर न्यायची, काँक्रीटचा भला मोठा पाया, मग क्रेन. प्रत्येक चक्कीजवळ रोहित्र, तिथून ३३ केव्हीच्या तारा उपकेंद्रापर्यंत, तिथे वीज मंडळाचा मीटर, आणि मंडळाची मंजुरी मिळाली की काम सुरू. हे सारे पावसाळ्याच्या आत उरकावे लागते, कारण जून ते सप्टेंबर हाच त्यांचा सुगीचा हंगाम. वारा सेकंदाला तीन-चार मीटर झाला की पाती वीज देऊ लागतात आणि पंचवीसच्या वर गेला की यंत्र स्वतःला थांबवते. उन्हाळ्यात तपासणी आणि वंगण. हिवाळ्यात बरेचदा नुसती शोभा! म्हणून वर्षाचा हिशेब केला तर पूर्ण क्षमतेच्या पाचव्या-चौथ्या हिश्श्याइतकीच वीज पदरात पडते. पाचवा धरा : साडेतीनशे किलोवॅटचे यंत्र वर्षाला सहा लाख तेरा हजार युनिट देईल. २००३ च्या नोव्हेंबरात राज्याच्या वीज नियामक आयोगाने नव्या चक्क्यांच्या विजेला पहिल्या वर्षी युनिटला साडेतीन रुपये आणि पुढे दरवर्षी पंधरा पैसे वाढ असा दर ठरवून दिला. गुणाकार वाचकांनी करावा.

आणि त्याच २००३ साली दुष्काळ पडला. माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ ह्या भागांत छावण्या लागल्या, आणि पवनचक्क्या ढग पळवतात ही गोष्ट गावोगाव पसरली. पालकसभेत अभ्यासाचे बोलायचे सोडून मला हेच विचारत. मी फळ्यावर सह्याद्रीचा छेद काढून दाखवीत असे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तिथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर माणमध्ये पाचशेच्या आसपास. डोंगर चढताना ढग रिते होतात, पलीकडे पर्जन्यछाया. पावसाळी वाऱ्याचा थर काही किलोमीटर जाडीचा, चक्की त्याच्या तळातल्या शंभरेक मीटरांशी खेळणार. आणि सर्वांत सोपा मुद्दा : १९७२ चा दुष्काळ. मी तेव्हा बी.ए. होऊन नुकताच नोकरीला लागलो होतो. शाळेच्या वाटेवर बायामाणसे खडी फोडत, पोरांना सुकडी वाटत. तेव्हा सड्यावर एकही पवनचक्की नव्हती.

हे सगळ्यांना पटे. तरी एक आजोबा उठून म्हणाले, "गुरुजी, ढगाचं जाऊ द्या. पण वारा आमचा, इज कुणाची?" ह्या प्रश्नाला माझ्या फळ्यावर उत्तर नव्हते. अफवा खोटी होती, पण ज्यांची जमीन गेली त्यांचा राग खरा होता. तो मांडायला सातबारा, फेरफार, करार ही कागदाची भाषा लागते, आणि ढगांची भाषा सर्वांनाच येते.

सड्याच्या दुसऱ्या रहिवाशांविषयीही लिहायला हवे. चाळकेवाडीवर गळ्याला निळा-केशरी पंखा असलेला एक सरडा सापडतो. २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव दिले 'सरडा सुपर्बा'. होय, चक्क आपला मराठी 'सरडा' शास्त्रीय नावात! बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर यांनी अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांच्यासह ह्याच पठारावर अभ्यास केला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. चक्क्या नाहीत तिथे शिकारी पक्षी जवळजवळ चौपट आढळले. चक्क्यांखाली पक्षी कमी, म्हणून सरडे जास्त, निर्धास्त, माणूस अगदी जवळ गेला तरी न पळणारे, आणि नरांच्या गळ्याचे रंगही फिकट. नुसत्या पात्यांमुळे सरड्याच्या रंगापर्यंत फरक पडतो, हे कोणाच्या मनात तरी आले असते का!

देशाची पवनऊर्जेची क्षमता २०२५ साली पन्नास हजार मेगावॅटच्या पुढे गेली. २०१७ पासून दर लिलावाने ठरू लागले. वनकुसवड्याची जुनी यंत्रे मात्र आता थकली आहेत, कारण चक्कीचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचेच धरतात. जुनी काढून त्याच जागी थोडी पण मोठी यंत्रे बसवण्याचे धोरण केंद्राने २०१६ साली आणले, २०२३ मध्ये सुधारले. आता एकेक यंत्र तीन मेगावॅटचे, म्हणजे जुन्या आठ-नवांच्या जागी एक. त्यासाठी पुन्हा रस्ते, पुन्हा मोजणी, पुन्हा करार होतील. ह्या खेपेला सड्यावरच्या शिकलेल्या पोरांनी वाऱ्याच्या नोंदींची वही आधी मागून घ्यावी, आणि मगच दराचे बोलावे.

वनकुसवड्याचे किंवा चाळकेवाडीचे पवनचक्क्या येण्याआधीचे फोटो कोणाच्या अल्बमात असतील तर मला जरूर पाठवा.