गुरुदक्षिणा, फी आणि गहाणखत

नारायणगुड्याच्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून आमची कचेरी फार दूर नाही. गहाणखते, वाटणीपत्रे, मृत्युपत्रे हा तेथला नित्याचा व्यवहार. संगीताचा आणि आमच्या व्यवसायाचा संबंध येई तो एवढाच की, तिन्हीसांजेला शेजारच्या माडीवरून पेटीचे सूर येत आणि अशिलाचे बोलणे नीट ऐकू येण्यासाठी आम्हांस खिडकी लावून घ्यावी लागे. गेल्या वैशाखात मात्र संगीत स्वतःच दप्तर काखोटीस मारून आमच्या दारात आले.

आलेले गृहस्थ निवृत्त शिक्षक. मूळचे बीदरकडचे, पण तीन पिढ्या हैदराबादेत मुरलेले. सोबत मुलगी. "वकीलसाहेब, एक गहाणखत करायचे आहे," ते म्हणाले. हयातभराच्या बचतीतून घेतलेला जमिनीचा तुकडा तारण ठेवून त्यांना कर्ज काढावयाचे होते. कारण विचारता कळले की, मुलीला परगावच्या एका खासगी विद्यापीठात गायनाच्या पदवीसाठी घालावयाचे आहे. फी, वसतिगृह आणि खानावळ मिळून आकडा असा की, त्यांचे सहा वर्षांचे निवृत्तिवेतन त्यात सहज बुडावे. कागदपत्रे आमच्यापुढे सरकवून झाल्यावर ते क्षणभर घुटमळले आणि म्हणाले, "जमिनीचे कागद तर तुम्ही पाहालच. पण एवढे पैसे घालून ही पदवी घ्यावी का, हेही सांगा."

जमिनीची मालकी तपासणे आम्हांस जमते. पदवीची किंमत तपासण्याचा प्रसंग पहिलाच होता. त्या रात्री आम्ही जुनी पुस्तके काढून बसलो, त्याचे फलित पुढे मांडीत आहो.

संगीताच्या पदवीचा विचार करताना प्रथम आठवतात ते पं. विष्णु दिगंबर पलुसकर. कुरुंदवाडास १८७२ साली जन्मलेल्या, बालपणी दारूकामाने दृष्टी अधू झालेल्या या पुरुषाने मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी विद्या घेतली. मिरजेतील एका समारंभाची हकीकत सांगतात: गावच्या प्रतिष्ठितांस आमंत्रण गेले, विष्णुबुवांसही गेले, पण त्यांच्या गुरूंना गेले नाही, कारण ते 'नुसते गवई' होते. हकीकतीचा तपशील कसाही असो, त्या काळच्या समाजमनाचे ते यथार्थ चित्र आहे. गाणे ऐकावयास सर्वांना हवे असे, गवई मात्र ओसरीच्या पायरीपर्यंतच चाले. १८९६ मध्ये बुवांनी मिरज सोडली, आणि ५ मे १९०१ रोजी दूर लाहोरास गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली.

गाण्याची शाळा म्हणून हा पहिला प्रयत्न नव्हे. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली मौलाबक्षांची शाळा १८८६ पासून चालू होती. पण ती राजाच्या तिजोरीवर उभी होती. बुवांची संस्था लोकांच्या वर्गणीवर, विद्यार्थ्यांच्या फीवर आणि बुवांच्या स्वतःच्या गळ्यावर उभी होती. अभ्यासक्रम, पुस्तके, स्वरलेखन, परीक्षा, पदव्या हा सगळा सरंजाम त्यांनी शाळा-कॉलेजांकडून उचलला. यावर नाके मुरडणारे तेव्हाही होते, आजही आहेत. आमच्या मते बुवांनी ओळखले ते असे की, समाज माणसाला त्याच्या कागदावरून ओळखू लागला आहे; तेव्हा गवयालाही एक कागद हवा.

परंतु गवई तयार करण्याची त्यांची वाट निराळी होती, आणि वकील या नात्याने आमचे लक्ष तिकडेच अधिक गेले. फी देऊन तासाभराच्या वर्गास येणारे विद्यार्थी एकीकडे. 'उपदेशक' वर्गाचे विद्यार्थी दुसरीकडे. या दुसऱ्या वर्गातील मुलांकडून पैसा घेत नसत. राहणे, जेवणे, शिकणे सारे गुरुगृही. मोबदल्यात पालकांनी करार लिहून द्यावयाचा की, मुलगा ठरलेली वर्षे पुरी केल्याविना जाणार नाही. म्हणजे गहाण होतेच, पण ते जमिनीचे नव्हे. मुलाच्या उमेदीच्या वर्षांचे होते. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव खरे ही मंडळी बुवांच्या अशा सहवासातून घडली. ओंकारनाथ तर विशीतच लाहोरच्या शाखेचे प्रमुख झाले.

मग मुलाचे जेवण आणि शिक्षण फुकट, तर खर्च कोणी सोसला? तो गुरूने सोसला, आणि त्यातच तो बुडाला. १९०८ मध्ये बुवा मुंबईस आले. सँढर्स्ट रोडवर विद्यालयाची स्वतःची इमारत त्यांनी कर्ज काढून उभी केली. जलसे करावे, बिदागी आणावी आणि सावकाराचे व्याज भागवावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. कर्ज मात्र फिटले नाही, आणि १९२४ मध्ये ती इमारत लिलावात गेली. बुवा पुढे नाशिकास रामनामात रमले; २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे देहावसान झाले. त्याच साली शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद-अलंकारापर्यंतच्या परीक्षांना आजही गावोगावी मुले बसतात. त्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल की, त्या प्रमाणपत्रामागे एक बुडालेले गहाणखत आहे?

येथे एक योगायोग नोंदविल्यावाचून राहवत नाही. ज्या १९२४ साली मुंबईत ही इमारत हातची गेली, त्याच साली अमेरिकेत फिलाडेल्फियास कर्टिस संस्था निघाली. तिच्या संस्थापिका मेरी लुईस कर्टिस बोक यांच्यापाशी अपार धन होते. त्यांनी असा निधी बांधून दिला की, १९२८ पासून त्या संस्थेने कोणाही विद्यार्थ्याकडून शिक्षणशुल्क घेतलेले नाही. त्याच देशात बोस्टनच्या बर्कली महाविद्यालयाची वर्षाची फी चाळीस हजार डॉलरांपलीकडे आहे, आणि आमच्याकडील कित्येक घरांतली मुले तेथे जाण्याची स्वप्ने पाहतात. विद्या तीच, देश तोच. मूल्य कोणी चुकवावयाचे एवढाच फरक. संगीत कधीच स्वस्त नव्हते. कधी राजाने पैसे दिले, कधी दात्याने, कधी गुरूने घर विकून. आता ते पालकाने द्यावयाचे आहेत, एवढेच नवे आहे.

घराण्यांच्या तालमीही स्वस्त होत्या असे कोणी समजू नये. गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकर १९२१ च्या सुमारास अल्लादियाखाँसाहेबांच्या शागीर्द झाल्या, त्या भली मोठी रक्कम मोजून आणि वर्षांचे बंधन पत्करून. दहा-अकरा वर्षे ती तालीम चालली. उलट कुर्डीच्या मोगूबाईंचा रियाज सांगलीस खाँसाहेबांच्या कानी पडला आणि त्यांनी आपण होऊन शिकविण्याचे मनावर घेतले. खाँसाहेब मुंबईस गेले तेव्हा मोगूबाईही मागोमाग गेल्या. (ते कुर्डी गाव आज साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे.) एकीने पैसा दिला, दुसरीने गाव सोडले. पण दोघींना मिळाला तो कागद नव्हे, तर समोरासमोर बसून घेतलेले तास. दोघींपैकी कोणाला कोणी पदवी विचारल्याचे आमच्या वाचनात नाही.

आमच्या व्यवसायबंधूंचे मत येथे घेतलेच पाहिजे. पं. विष्णु नारायण भातखंडे हे कायद्याचे पदवीधर. १८८७ मध्ये एल्एल्. बी. होऊन त्यांनी काही काळ वकिली केली आणि पुढे ती सोडून ते चिजा गोळा करीत हिंदुस्थानभर हिंडले. ज्यांच्यापाशी त्यांनी विद्या मागितली त्या उस्तादांपैकी बहुतेकांपाशी लिहिलेला कागद म्हणून नव्हता. तरी याच भातखंड्यांनी १९२६ मध्ये लखनौस मॉरिस कॉलेज काढण्यात पुढाकार घेतला. तेच आज त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. पण आपला पट्टशिष्य श्रीकृष्ण रातंजनकर याला गायक करावयाचे ठरले तेव्हा भातखंड्यांनी त्याला कोणत्या अभ्यासक्रमात घातले नाही. बडोद्यास फैय्याजखाँसाहेबांच्या पुढे नेऊन बसविले. तो शिष्य पाच वर्षे तेथे बसला, आणि मग त्या कॉलेजाचा प्राचार्य झाला. काशी हिंदु विश्वविद्यालयात १९५० मध्ये संगीताचे महाविद्यालय निघाले, त्याची धुरा ओंकारनाथांकडे आली. त्यांचेही सारे गाणे गुरुगृहीचे. पदव्या देणाऱ्यांनी आपले गाणे पदवीच्या वाटेने मिळविले नव्हते, ही गोष्ट आम्हांस विचार करावयास लावणारी वाटते.

यावरून पदवी निरर्थक, असा निकाल देण्याची घाई मात्र करू नये. आमच्या कचेरीजवळच केशव मेमोरियल शाळा आहे. हैदराबादच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ ती १९४० मध्ये सुरू झाली. त्यांचे चिरंजीव विनायकराव हे कांगडी गुरुकुलाचे स्नातक. तेथली 'विद्यालंकार' ही पदवी त्यांनी आडनावासारखी जन्मभर मिरविली. त्या गुरुकुलाला विद्यापीठसमान दर्जा मिळाला तो १९६२ मध्ये; त्यापूर्वी साठ वर्षे त्याच्या पदव्यांना मान होता, सरकारी मान्यता नव्हती. पण केवळ विद्यालंकार म्हणून कोर्टात उभे राहता येत नाही. तेव्हा विनायकराव विलायतेस जाऊन बॅरिस्टर होऊन आले. एकाच माणसापाशी दोन पदव्या: एक सन्मानाची, एक दार उघडणारी. दोन्ही खऱ्या, परंतु एकीचे काम दुसरीने होत नसे.

आम्हांस वकिलीची सनद नसती, तर कितीही कायदा जाणूनही न्यायाधीशापुढे उभे राहता आले नसते. गवयाला मैफलीत बसण्यास सनद लागत नाही. आकाशवाणीची श्रेणी गाणे ऐकून देतात, पदवी पाहून नव्हे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे खात्याचे मंत्री असताना १९५२ नंतर या चाचण्या नव्याने लागू झाल्या आणि रातंजनकर परीक्षक म्हणून बसले, तेव्हा नामांकित गवयांनी मोठा कल्लोळ केला. आमची परीक्षा घेणारे हे कोण, असा त्यांचा सवाल होता! पण शाळेत किंवा महाविद्यालयात संगीत शिकविण्याची नोकरी हवी असेल तर सनदेचा प्रश्न आलाच. तेथे बहुधा कागद प्रथम पाहतात, गळा मागाहून.

तेव्हा दुसऱ्या भेटीत आम्ही मुलीलाच विचारले, "तुला काय व्हायचे आहे?"

"शिकवायचे आहे. आणि गायचेही आहे," ती म्हणाली.

शिकविण्याच्या कागदासाठी जमीन गहाण टाकण्याचे कारण आम्हांस दिसेना. मंडळाच्या परीक्षा आहेत. येथून जवळच रामकोटास १९५२ पासून चालत आलेले सरकारी संगीत महाविद्यालय आहे. सार्वजनिक विद्यापीठे आहेत, जेथे खर्च त्या मानाने थोडा. आणि गाण्यासाठी हवे ते माणूस; ते पदवीबरोबर मिळतेच असे नाही. आम्ही तसे बोललो. वडील बराच वेळ गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "वकीलसाहेब, तुमचे म्हणणे पटते. पण आमची मुलगी गाणे शिकते असे सांगितले की लोक विचारतात, 'ते झाले, पण करते काय?' पदवीला आहे म्हटले की तोंडे बंद होतात."

मिरजेच्या त्या आमंत्रणाला सव्वाशे वर्षे होऊन गेली आहेत. आम्ही त्यांना उत्तर देऊ शकलो नाही, कारण ज्या अपमानावर विष्णुबुवांनी आपली इमारत घातली, त्याच अपमानावर हे गृहस्थ आपला जमिनीचा तुकडा घालावयास निघाले होते. त्यांना मूर्ख कसे म्हणावे?

शेवटी आम्ही मुलीला एवढेच सुचविले की, पैसे भरण्यापूर्वी तिने त्या संस्थेत जाऊन दोन दिवस वर्गात बसावे. एका गुरूपुढे किती विद्यार्थी बसतात, आठवड्यात किती तास गुरू समोर असतो, आणि गेल्या तीन-चार वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुली आज काय करतात, हे तिने स्वतः विचारून वहीत लिहून आणावे. गुरू समोर बसणारा निघाला, तर आम्ही कागद करून देऊ. नुसत्या भिंती आणि उपाहारगृह निघाले, तर जमीन आहे तेथेच राहील. गहाणखताचा मसुदा तयार आहे. त्यात रकमेची जागा तेवढी कोरी ठेवली आहे. येत्या रविवारी काचीगुडा स्थानकावरून मुलीची गाडी सुटते. वडिलांचे तिकीट तिने काढलेले नाही.