मुलावर दारूची केस झाली तर : पालकांसाठी माहिती

तेलंगणात 21 वर्षांखालील व्यक्तीला दारू विकण्यास मनाई आहे. तरीही मुलगा सापडला, तर आधी वय पाहावे. पुढचे सारे त्यावर ठरते.

वय 18 पेक्षा कमी असल्यास बाल न्याय कायदा, 2015 लागू होतो. मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. वयासाठी शाळेचा दाखला किंवा दहावीचा मेमो न्यावा. मंडळ समज देऊन घरी पाठवू शकते. मुलाला दारू देणाऱ्यास मात्र कलम 77 प्रमाणे 7 वर्षांपर्यंत कैद आहे.

18 पूर्ण झालेल्यास हे संरक्षण नाही. दंड भरून मोकळे होण्याची घाई करू नये. कोर्टात गुन्हा कबूल केला की दोषी ठरल्याची नोंद होते. आधी वकिलाला विचारावे.

मुले, स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. फोन 15100.

अल्पवयीन मुलगा गाडी चालवत असल्यास पालक किंवा गाडीमालकही अडकतो : 3 वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड.

रागावणे घरी होईल. ठाण्यात मुलाच्या बाजूला उभे राहावे.